धालेलं जंगल

मार्चअखेरीला दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरच्या जंगलात चाललो आहोत असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबायचा आणि मग विचारायचा, "ऑगस्टमध्ये का नाही जात?" लेकीच्या ऑफिसातल्या लोकांनी तेच विचारलं, शेजाऱ्यांनी तेच. म्हणे गवत डोक्याइतकं वाढलेलं असतं, पाणी जागोजागी साचलेलं असतं, जनावर आत पांगलेलं असतं, काही दिसत नाही. वर डास.

पण सुट्टी तेव्हाच होती. दक्षिण आफ्रिकेत शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि पहिल्या सत्रानंतरची सुट्टी मार्च-एप्रिलच्या सांध्यावर येते. नातू आठ वर्षांचा, त्याला सिंह बघायचा होता. आम्ही दोघं नागपूरहून महिनाभरासाठी जोहान्सबर्गला लेकीकडे गेलेलो. तेव्हा जायचं ते त्याच आठवड्यात, असं ठरलं.

लोक म्हणत होते ते खोटं नव्हतं. क्रूगरच्या भागात पाऊस साधारण ऑक्टोबर ते मार्च पडतो. मग मे ते सप्टेंबर कोरडे. गवत वाळून आडवं होतं, डबकी आटतात, झाडं उघडी पडतात आणि सगळी जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. गाडी पाण्याशी लावून बसलं की झालं. आम्हा विदर्भातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी वीस-बावीस वर्षं ताडोबाला जाते, आणि जाते ती एप्रिल-मेमध्येच. पारा 45च्या पुढे, अंगाची लाही, पण वाघ पाणवठ्यावर हमखास. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून रात्रभर पाण्याकडे डोळे लावून मोजदाद केली आहे. कोण कधी प्यायला आलं, किती वेळ प्यायलं, सगळं वहीत.

म्हणजे मी आजवर जंगल पाहिलं ते तहानेलंच. हे माझ्या तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

पाडवा होता रविवारी, 30 मार्च 2025ला. लेकीने बाल्कनीत गुढी उभारली. कडुनिंबाची पानं मी नागपूरहून वाळवून नेली होती, ती गुळाबरोबर कुटून सगळ्यांना दिली. खाली रस्त्याच्या कडेची मोठाली झाडं पिवळी पडायला लागली होती, फुटपाथवर पानांचा थर. दक्षिण गोलार्धात शरद ऋतूचं तोंड होतं ना. घरात चैत्र आणि बाहेर आश्विन. हवाही तशीच, पाऊस धुऊन गेल्यावरची, लांबचं स्पष्ट दिसणारी, सकाळी किंचित शिरशिरी आणणारी. नागपुरात त्याच दिवशी कूलर धुऊन गवताच्या नव्या ताट्या लावायची वेळ झालेली.

सोमवारी पहाटे साडेचारला निघालो. डब्यात पाडव्याच्या उरलेल्या पुरणपोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू केल्या होत्या. पावसाळा सरतानाचे हेच महिने तिथे जास्त जपायचे. गडचिरोलीला बँकेच्या शाखेत चार वर्षं काढलेल्या बाईला मलेरिया हलक्यात घ्यायचा नसतो हे कळतं. मी तर सगळ्यांच्या गोळ्यांचा हिशेब ठेवला.

जोहान्सबर्गहून पूर्वेला जाणारा मोठा रस्ता पहिले दीडशे किलोमीटर कोळशाच्या मुलुखातून जातो. अंधारात औष्णिक केंद्रांचे दिवे दिसत होते. चंद्रपूरचीच आठवण झाली. पुढे घाट उतरला की हवा बदलते, संत्र्याच्या बागा, केळी. दुपारी पॉल क्रूगर गेटवर पोचलो.

क्रूगरची पसरण डोक्यात बसायला मला दोन दिवस लागले. सुमारे 19,500 चौरस किलोमीटर. आपलं ताडोबा-अंधारी, बफर धरून, 1,727. उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटरहून लांब, म्हणजे नागपूरहून निघून अकोल्याच्या बरंच पुढे जावं आणि सगळी वाट जंगलच असावं. आणि आत आपली गाडी आपण चालवायची! ना जिप्सी, ना गाइड. डांबरी रस्त्यावर ताशी 50, कच्च्यावर 40, ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, आणि गेट बंद व्हायच्या आत मुक्कामाच्या कॅम्पात शिरायचं. एप्रिलमध्ये सकाळी 6 ते संध्याकाळी 6. जावई गाडी चालवणार, लेक नकाशा धरणार, मागे आम्ही तिघं.

पहिला तास काही दिसलं नाही. खरंच काही नाही. दोन्ही बाजूंना गवताच्या भिंती. झाडांखालचं उंच, रुंद पात्याचं गवत मला ओळखीचं वाटलं, आणि ते ओळखीचंच निघालं. आपल्याकडे गोठेवाले चाऱ्यासाठी लावतात ते गिनी गवत. त्याचं माहेर हे. तुरे आलेले, वारा आला की सगळं एका दिशेला झुकायचं आणि सावकाश परत उभं राहायचं. नातू कंटाळला. "आजी, इथे फक्त गवत आहे," म्हणाला.

मी मग झाडं बघायला लागले. आणि झाडांनी मला घरी नेलं. सिकल बुश म्हणून तिथे सगळीकडे माजलेलं एक काटेरी झुडूप आहे, त्याच्या शेंगांचे वेटोळे गुंते पाहिले आणि ओरडलेच, "अहो, ही तर दुरंगी बाभूळ!" आपल्याकडच्या कोरड्या रानात अर्धं गुलाबी, अर्धं पिवळं फूल येतं तीच. पुढे नदीकाठी काळ्या खोडाचं प्रचंड झाड, जॅकलबेरी. ते टेंभुर्णीच्या गोतातलं, म्हणजे आपल्या तेंदूपत्त्याचं चुलत भावंड. नागपूरच्या जुन्या बंगल्यांच्या आवारात लांब दोऱ्यांना दुधीभोपळ्यासारखी फळं लोंबणारं झाड असतं ना, ब्रह्मदंड? ते मी लहानपणापासून शोभेचं झाड म्हणून पाहिलेलं. इथे ते नदीच्या काठाला आपल्या मनाने वाढलेलं होतं, आणि खाली पडलेली फळं कुणीतरी दाताने फोडलेली होती.

हत्ती भेटले ते स्कुकुझाच्या अलीकडे. भेटले म्हणजे, जावयाने गाडी थांबवून इंजिन बंद केलं तेव्हा मला कळलंच नाही का थांबलो. मग गवत हललं. एक कान. मग दुसरा. गाडीपासून पंधरा-वीस पावलांवर आठ-दहा हत्तिणी आणि पिल्लं उभी होती आणि आम्हाला एकही दिसली नव्हती. मरूलाच्या झाडाखाली त्यांचं काम चाललं होतं. मरूलाची फळं जानेवारी ते मार्च पिकून पडतात, लहान लिंबाएवढी, पिवळी. आता शेवटची उरली होती, बरीच वाळलेली. जी हत्तीण सगळ्यात जवळ होती तिच्या सोंडेच्या टोकाकडे मी दुर्बीण लावली. आपल्या हत्तीच्या सोंडेला टोकाशी एकच बोट असतं, आफ्रिकेतल्या हत्तीला दोन, वर एक, खाली एक. हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. तिने सोंडेने आधी गवत बाजूला केलं, जशी आपण केसांतून बोटं फिरवतो तसं, मग फुंकर घातली, पालापाचोळा उडाला, आणि त्या दोन बोटांच्या चिमटीत एक फळ उचललं. तोंडात घातलं. परत तेच. एकदा उचललेलं फळ तिने टाकून दिलं. किडकं असावं. तीन टन वजनाची बाई निवडून-टिपून खात होती. आम्ही चाळीस मिनिटं तिथे होतो. नातू एका शब्दानेही बोलला नाही.

पिल्लू मध्येच आईच्या पुढच्या पायांमध्ये शिरून प्यायला लागलं. ती खातच राहिली. कुणालाच कुठे जायची घाई नव्हती. मला ताडोबातला मेमधला कळप आठवला, चितळांचा, पाण्याकडे येताना एक पाय उचलून थबकलेला, कान ताठ, बरगड्या दिसणाऱ्या. प्यायचं आणि पळायचं. मी तसं जंगल इतकी वर्षं पाहत आले की जंगलाचा चेहरा तोच असतो असं वाटायला लागलं होतं. आणि इथे माझ्यासमोर जे उभं होतं त्याला आमची आई शब्द वापरायची तो एकच शब्द लागू होता, धालेलं. पंगतीत शेवटचा भात झाल्यावर माणूस पाटावरून उठतो तेव्हाचा. पोट भरलेलं, अंगावर तुकतुकी, डोळ्यांत निवांतपणा.

स्कुकुझा हा तिथला सगळ्यात मोठा कॅम्प. गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, पुढे ओटा, खाली साबी नदी. राखीव जंगलाची घोषणा 1898ची, राष्ट्रीय उद्यान झालं 1926ला, पुढच्या वर्षी पर्यटकांना खुलं केलं तर वर्षभरात मोटारी आल्या त्या तीन. पण माझ्या डोक्यात जास्त वेळ राहिलं ते नाव. 1902 साली जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन इथला वॉर्डन म्हणून आला. त्याला इथल्या त्सोंगा लोकांनी दिलेलं नाव स्कुकुझा, सगळं झाडून काढणारा. शिकारी झाडून काढले, आणि आत राहणारी माणसंही झाडून काढली. त्या गावांची नावं कॅम्पातल्या पाट्यांवर मी शोधली, फारशी सापडली नाहीत. उत्तरेकडच्या माकुलेके लोकांनी 1998मध्ये आपली जमीन कायद्याने परत मिळवली आणि ती जंगल म्हणूनच राखली, हे लेकीने सांगितलं तेव्हा बरं वाटलं. जामणी, बोटेझरी, नवेगाव ही ताडोबातून उठून बाहेर आलेली गावं माझ्या ओळखीची आहेत. जंगल पाहून खूश होताना त्या घरांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ओटे झाडणाऱ्या बाईने "अवुशेनी" म्हटलं, त्सोंगातला सकाळचा नमस्कार. मी तिच्याकडून "इन्कोमू" शिकले, म्हणजे आभारी आहे. पाच दिवसांत हे दोन शब्द जितक्यांदा वापरता आले तितक्यांदा वापरले.

एन्कुहलू नावाची एक जागा आहे नदीकाठी, उतरून खायची मुभा असलेली. तिथे आमचा डबा लुटला गेला. वेर्व्हेट माकड, करड्या अंगाचं, काळ्या तोंडाचं, झाडावरून थेट टेबलावर. पुरणपोळ्यांची चळत उचलली आणि गेलं. आसपासचे लोक हसले, कुणी फोटो काढले. मला हसू आलं नाही. चूक माझी होती, झाकण उघडं ठेवलं होतं. भिंतीवर स्पष्ट लिहिलेलं होतं की माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं माकड नाहीतर बबून पुढे अंगावर येतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. त्या माकडाच्या खात्यात माझ्या चार पोळ्या जमा झाल्या. पुढचे सगळे दिवस डबा गाडीतच उघडला, काचा लावून.

आता शेणकिड्याविषयी. त्याच्यासाठी मी सगळ्यांना गाडी थांबवायला लावली आणि मला त्याचा अजून आनंद आहे. स्कुकुझाहून सताराकडे जाताना, नव्वदेक किलोमीटरची वाट, डांबरावर मध्यभागी लिंबाएवढा गोळा चालला होता. मागे हा, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, काळा, डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, उलटा ढकलत. मध्येच थांबला, गोळ्यावर चढला, वर एक गिरकी घेतली, खाली उतरला, परत ढकलायला लागला, अगदी त्याच रेषेत. ही गिरकी दिशा पक्की करायला असते. दिवसा तो सूर्याचा आधार घेतो. आणि रात्री काम करणाऱ्या एका जातीचे शेणकिडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून सरळ रेष राखतात, हे शास्त्रज्ञांनी 2013मध्ये दाखवलं. त्या प्रयोगाचा एक भाग जोहान्सबर्गच्याच तारांगणात केला होता, आत रिंगण मांडून, आणि बाहेर उघड्या आकाशाखाली किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्या टोप्या घातल्या होत्या, आकाश झाकलं तर ते भरकटतात का बघायला. भरकटले. नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे त्याला तारे दिसतात?" मग मागून एक गाडी आली. जावयाने हात बाहेर काढून थांबवली. त्या माणसाला वाटलं बिबट्या आहे. त्याला किडा दाखवला. तोही थांबला. किडा पलीकडच्या गवतात शिरेपर्यंत दोन्ही गाड्या उभ्या होत्या.

कोरड्या दिवसांत हे दिसत नाही. त्यांना ओलं शेण आणि मऊ माती लागते.

त्या दिवशी दुपारी गेंडाही पाहिला, पांढरा म्हणतात तो. कुठे ते लिहीत नाही. कॅम्पात रोज कुठलं जनावर कुठे दिसलं याचा फळा असतो, रंगीत खुणा लावलेला, पण त्यावर गेंड्याची खूण नसते, शिकाऱ्यांना माग लागू नये म्हणून. त्याचं शिंग कापलेलं होतं. नाकावर एक सपाट खुंट, झाड तोडल्यावर राहतो तसा. त्याला वाचवायलाच कापलेलं. आपल्या नखाच्याच जातीचं ते, परत वाढतं, आणि मग दीड-दोन वर्षांनी त्याला पुन्हा बेशुद्ध करून पुन्हा कापायचं. 2010च्या सुमारास क्रूगरमध्ये पांढरे गेंडे दहा हजारांच्या वर होते. दहा-बारा वर्षांत ते अडीच हजारांच्या खाली आले. तो गुडघाभर हिरवळीत उभा राहून चरत होता, रुंद ओठाने, गवत उपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. अंग भरलेलं, पाठीवर दोन पक्षी. सगळं पोटभर होतं आणि तरी त्या खुंटाकडून नजर हटत नव्हती. आमचे हे हळूच म्हणाले, "चल, त्याला त्याचं खाऊ दे."

सतारा उत्तरेला, मोकळ्या माळाचा भाग. पहिल्या रात्री साडेआठच्या सुमाराला आम्ही ओट्यावर बसलो होतो. अमावस्या नुकतीच झालेली, चंद्राची कोर मावळलेली, आणि आकाश असं की बोलावंसं वाटेना. पश्चिमेला मृग नक्षत्र उलटं उभं होतं, व्याध त्याच्या वर. दक्षिणेला त्रिशंकू. नागपूरहून तो एप्रिल-मेमध्ये क्षितिजाला टेकलेला, कारखान्यांच्या धुरकटीत शोधून काढावा लागतो. इथे तो निवांत वर चढलेला. मी नातवाला त्रिशंकूची गोष्ट सांगत होते, ना स्वर्गात ना पृथ्वीवर, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. घशातला, घोगरा, डरकाळी आणि घोरण्याच्या मधला. एकामागून एक. नातू उठून माझ्या मांडीत आला. लेकीने म्हटलं सिंह. मलाही तेच वाटलं, अंगावर काटा आला.

कॅम्पाचा राखणदार बॅटरी घेऊन कुंपणाच्या कडेने फिरत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, इम्पाला.

इम्पाला! दिवसभर शेकड्यांनी पाहिलेलं, आपल्या चितळाइतकं, तांबूस, नाजूक हरीण. क्रूगरमध्ये ते लाखाच्या वर असतील, तिसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी कुणी गाडी थांबवत नाही. राखणदाराने सांगितलं की दिवस लहान व्हायला लागले की नर असे गर्जतात. माजाचे दिवस आता सुरू होतायत, मेपर्यंत चालतील. मग साडेसहा महिन्यांनी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पहिल्या पावसाचं कोवळं गवत उगवतं तेव्हा सगळ्या माद्या जवळजवळ एकदम वितात. गवत, पाऊस, जन्म, सगळ्याची मोजणी या रात्रीपासून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गेट उघडल्या उघडल्या आम्ही बाहेर पडलो आणि इम्पालांसाठी थांबलो. एका नराने वीसेक माद्या राखून धरल्या होत्या. मान पुढे ताणलेली, जीभ बाहेर लपलप, शेपूट पांढरं फुललेलं. एखादी मादी जरा बाजूला सरकली की धावत जाऊन वळवायची, तेवढ्यात दुसऱ्या टोकाला दुसरा नर. शिंगांचा खाडखाड आवाज. मध्येच उभा राहून तोंड उघडून तीच रात्रीची गर्जना. उन्हात त्याच्या तोंडाची वाफ दिसली. आधीच्या पावसात जन्मलेली पाडसं, आता चार महिन्यांची, बाजूला घोळका करून उभी होती. त्या नराने आठवडे नीट खायचं नसतं, लेक माहितीपत्रकातून वाचत होती. मी पाहत राहिले. उन्हाळाभर खाऊन कमावलेलं सगळं तो इथे खर्चायला निघाला होता. धालेल्या जंगलातला हा पहिला उपास.

नातवाचा सिंह राहिला होता. तो सापडला तो नातवालाच. सताराच्या पूर्वेचा कच्चा रस्ता, शेवटची सकाळ. दोन गाड्या उभ्या होत्या, आम्ही थांबलो. सगळे दुर्बिणी लावून लांब बघत होते. नातू खिडकीला नाक लावून जवळ बघत होता. "आजी, गवताला कान आहे."

वीस फुटांवर. गवताच्या रंगाचाच कान, मागून काळा. दुर्बीण लागलीच नाही. मग त्या कानाखाली एक डोळा जमला, मधाच्या रंगाचा, आणि मग अख्खी सिंहीण, पडलेली, पोट तट्ट, पंजे सैल सोडलेले. पुन्हा तिने डोकं खाली टाकलं आणि ती गेली. म्हणजे तिथेच होती, गेलं ते आमचं दिसणं. मी इतकी वर्षं वाघ "दिसला" आणि "नाही दिसला" असे दोनच रकाने वहीत ठेवले आहेत. पाऊण तास आम्ही एका कानाकडे आणि अधूनमधून उठणाऱ्या शेपटीच्या गोंड्याकडे बघत बसलो. नातवाला तेवढं पुरलं. मलाही.

निघालो ऑर्पन गेटने, आणि घरी जायची वाट डुलस्ट्रूमच्या पठारावरून धरली. उंचावरचा गवताळ माळ, संध्याकाळचं तिरपं ऊन, थंडी. विजेच्या तारांवर पक्षी बसलेले दिसायला लागले. आधी मी लक्ष दिलं नाही. मग एक उडाला आणि पंखांखालचा पांढरा शुभ्र भाग चमकला. करडं अंग, नारिंगी पाय. गाडी बाजूला घ्यायला लावली.

अमूर ससाणे. सायबेरिया-चीनकडून निघतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नागालँडला उतरतात, मग भारत आडवा ओलांडून, महाराष्ट्रावरून, न थांबता अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत येतात. कबुतराहूनही लहान पक्षी. नागालँडमध्ये 2012 साली हजारोंनी जाळ्यात मारले जात होते. पुढच्याच वर्षी गावांनी शिकार बंद केली. डोयांग धरणाकाठच्या पांगती गावाचं नाव दिलेली एक मादी उपग्रहाच्या यंत्रासह इथवर येऊन परत गेली होती. मी लोणावळ्याला दोनदा नोव्हेंबरात जाऊन आले आहे ते यांच्यासाठी, आणि एकदाच, फार उंच, ठिपके पाहिले. इथे ते डोळ्यांच्या रेषेत बसले होते, चोचीने पंख साफ करत. जाताना याच मुलुखातून आम्ही पहाटेच्या अंधारात गेलो होतो, म्हणून दिसले नव्हते.

एका गावात पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा सूर्य टेकला होता. पंपामागे निलगिरीची जुनी उंच झाडं होती आणि चारी दिशांनी ससाणे तिथे येत होते, आधी पाच-पाच, मग पन्नास-पन्नास, मग मोजता येईनात. वर चक्र धरून फिरायचे आणि एकेक करून फांदीत शिरायचे. पंपावरचा पोरगा म्हणाला, रोज येतात, आता थोड्या दिवसांत एका सकाळी बघाल तर एकही नसेल. माळावरचे टोळ-किडे भरपूर खाऊन त्यांचीही अंगं गोल झाली होती. पुढचा समुद्र त्या चरबीवरच पार करायचा असतो.

आम्हाला 14 एप्रिलचं विमान होतं. मी नातवाला सांगितलं की आम्ही आणि हे साधारण एकाच सुमाराला निघणार, फक्त आम्हाला मुंबईला उतरून पुन्हा नागपूरचं विमान पकडायचं आहे. त्याने विचारलं, ते नागपूरला थांबतात का. मी म्हटलं, थांबत नाहीत, पण वरून जात असतील. मग तो मान वर करून मोजायला लागला. दोनशे सत्तरपर्यंत मोजले, तेवढ्यात अंधार झाला, आणि जावयाने गाडीचे दिवे लावले.